गळतं का?

व्हीटी स्टेशनात माणूस मान वर करतो ती इंडिकेटरपर्यंतच. ठाणे, स्लो, बारा डबा, चार मिनिटं, एवढं कळलं की मान खाली आणि पाय पुढे. इंडिकेटरच्या पलीकडे, बाहेरच्या भिंतींवर, कमानींच्या बेचक्यांत, खांबांच्या माथ्यावर दगडातली माकडं, खारी, मोर आणि घुबडं १३० हून अधिक वर्षं बसून आहेत. खालून रोज लाखो लोक जातात. त्यांच्याकडे बघणारे तीनच प्रकार: परदेशी पर्यटक, कबुतरं आणि आमचे काका.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अमरावतीला असतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कुठलीही इमारत दिसली की ते दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘एस्टिमेट किती होतं?’ आणि दुसरा, ‘गळतं का?’ लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे नवरा-नवरीकडे बघतात, काका कार्यालयाच्या छताकडे. ‘सावधान’ म्हटल्यावरही त्यांची नजर कोपऱ्यातल्या ओलीच्या डागावर असते, त्यामुळे त्यांच्या अक्षता कायम भटजींवर पडतात. मावशी शाळेत इतिहास शिकवायची. जिला सन नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं तिचं मत आहे. तिला सनावळ्या पाठ, काकांना दरसूची. संसार उत्तम झाला.

यंदा दोघं ऐन जुलैमध्ये मुंबईला आली. जुलैमध्ये मुंबईला कोणी येतं का, असं मी फोनवर म्हणालो, तर काका म्हणाले, ‘इमारत बघायची तर पावसात. उन्हाळ्यात सगळ्याच इमारती चांगल्या असतात.’ बेत मावशीने आखला होता. कामाच्या दिवशी दुपारी व्हीटीची हेरिटेज टूर असते, ती करायची. रात्री तिथूनच महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची. सकाळी कोल्हापूर, दिवसभर न्यू पॅलेस आणि त्याच रात्री परत. ‘आधी राजवाड्यासारखं स्टेशन बघू, मग खरा राजवाडा,’ मावशी म्हणाली. माझं काम छत्र्या धरण्याचं.

बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी. चारही नावं टॅक्सीवाल्यांना कळतात आणि चारही नावांना ते नाही म्हणतात. मावशी मात्र प्रत्येकाला थांबवून पूर्ण नाव सांगत होती. १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं, हेही सांगत होती. पाचवा टॅक्सीवाला बहुधा सनावळीला घाबरून तयार झाला.

फाटकाच्या दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेत. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. टूर दाखवणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने सांगायला सुरुवात केली: काम १८७८ मध्ये सुरू झालं. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. आराखडा काढण्याआधी ते युरोपातली मोठमोठी स्टेशनं बघून आले.

‘अभ्यासदौरा,’ काका हळूच म्हणाले. नोकरीत त्यांनी अनेक साहेबांना अभ्यासदौऱ्यावर जाताना पाहिलं होतं. पण दौऱ्यावरून परत आलेल्या माणसाने खरोखर काही बांधल्याचं हे पहिलंच उदाहरण त्यांच्या कानावर येत होतं.

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं, १८८८ मध्ये काम पुरं झालं, आणि एकूण खर्च आला १६ लाख १४ हजार रुपये.

काका थांबले. अख्खा घोळका थांबला.

‘पुन्हा सांगा.’

तिने पुन्हा सांगितलं.

‘एवढ्यात आज आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग जेमतेम होईल,’ काका म्हणाले.

‘अहो, तेव्हाचे सोळा लाख,’ मावशी म्हणाली.

‘मी पण तेव्हाचंच म्हणतोय. सोळा लाखांचं सोड. वरचे चौदा हजार बघ. दहा वर्षं काम चाललं आणि हिशेब वरच्या चौदा हजारांसकट सांगता येतो. म्हणजे मोजमाप पुस्तक कोणीतरी नीट भरलं होतं.’ हे बोलताना त्यांचा आवाज किंचित भरून आला.

नक्षीकाम सर जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे हे कळल्यावर त्यांनी ठेका, मानधन आणि सुरक्षा अनामत यांविषयी तीन प्रश्न विचारले. घोळक्यातल्या एका जर्मन जोडप्याला वाटलं की हा स्थापत्यशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्यांनी काकांचे फोटो काढले.

मग गार्गॉइल आले. ही भिंतीतून बाहेर डोकावणारी वेडीवाकडी जनावरं टूरवाल्यांची फार लाडकी. त्यांच्याविषयी सैतान, भुतंखेतं, मध्ययुगीन चर्च वगैरे ऐकायला मिळतं. काकांनी एका वाक्यात निकाल लावला: ‘पन्हळ आहे ही.’ आणि ते खरंच आहे. छतावरचं पाणी भिंतीवरून ओघळू नये, लांब फेकलं जावं, म्हणून गॉथिक इमारतींना अशी तोंडं ठेवतात. भिंत वाचवायची तर कोणाच्या तरी तोंडातून पाणी पडायला हवं. आपण पत्र्याचा तुकडा वाकवून लावतो, त्यांनी मगर बसवली. बाहेर बदाबदा पाऊस पडत होता. ती मुलगी घुमटावरच्या पुतळ्याबद्दल बोलत होती, की ही ‘प्रगती’, हिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक आहे. घोळका प्रगतीकडे बघत होता. काका छत्री मागे टाकून, चष्म्यावरचं पाणी बोटाने निपटत, कुठल्या जनावराच्या तोंडातून धार लागलीय ते शोधत होते. एका कोपऱ्यात त्यांना शेवाळलेला जबडा आणि त्याच्या शेजारून खाली उतरलेला साधा पाइप दिसला. ‘बघ,’ ते मला म्हणाले, ‘शेवटी पाइपच.’

घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा आहे. तिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणी उभी होती. ती गेली, कोनाडा राहिला. मुंबईत इतक्या मोक्याची जागा इतकी वर्षं रिकामी आहे आणि तिथे अजून कोणी वडापावची गाडी लावलेली नाही, ही त्या इमारतीच्या दराऱ्याची सर्वांत मोठी खूण मानावी.

मावशीचा मुक्काम दर्शनी भिंतीवरच्या दगडी चेहऱ्यांपाशी पडला. रेल्वेशी संबंधित बड्या लोकांचे मुखवटे तिथे गोल चौकटींत कोरलेत. त्यांत पागोटं घातलेले नाना शंकरशेट आहेत. १८४५ पासून रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत नाना होते, आणि जी.आय.पी. रेल्वेच्या पहिल्या संचालकांत जमशेटजी जीजीभाईंबरोबर त्यांचं नाव आहे. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. गाडी ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली. हे सगळं मावशीने मला, जर्मनांना आणि आडोशाला उभ्या असलेल्या एका कुरिअरवाल्या पोराला सांगितलं. पोरगा म्हणाला, ‘स्लोला आता पण तेवढाच टाइम लागतो.’ तोफा तेवढ्या बंद झाल्या.

आतल्या तिकीटघराला स्टार चेंबर म्हणतात, छतावर सोनेरी तारे काढलेत म्हणून. मावशी तिथे मधोमध उभी राहून वर बघू लागली. व्हीटीत मधोमध उभं राहणं हा गुन्हा आहे. वर बघत उभं राहणं हा त्याहून मोठा. मागून आवाज आला, ‘मावशी, लाइनीत आहात का?’ ती म्हणाली, ‘नाही, मी तारे बघतेय.’ त्या माणसाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा वर बघितलं. माझ्या अंदाजाने तो त्या रांगेत कित्येक वर्षं पास काढायला उभा राहत असणार. ‘अरेच्चा,’ तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या पुढे दोन माणसं घुसली.

टूरमधली माझी आवडती जागा घुमटाखालचा जिना. दगडी पायऱ्या एका बाजूने भिंतीत रुतलेल्या आणि दुसरी बाजू अधांतरी. गोलगोल फिरत वर जातात, आणि खाली आधाराला काही नाही. काका कठड्यावरून वाकले, खालून बघितलं, तळहाताने एक पायरी चाचपली, पुन्हा खाली बघितलं. पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही. व्हिक्टोरिया राणी जन्मात कधी हिंदुस्थानात आली नाही, त्यामुळे जी एक व्यक्ती शोभली असती ती या जिन्यावरून कधी उतरलीच नाही. आम्ही बघत होतो तेव्हा एक शिपाई काखेत फायली मारून, चहाची किटली सावरत वर चालला होता. ही इमारत मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेली, तरी आत रजेचे अर्ज, टिपणी, आवक-जावक सगळं चालूच आहे. जर्मन बाईंनी विचारलं, ‘हे लोक इथे रोज काम करतात?’ मुलगी हो म्हणाली. काका म्हणाले, ‘रोज असं नाही म्हणता येणार.’

रात्रीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गाडी सुटायच्या आत डबे उघडले, पुण्यात कोणीतरी चढलं आणि दिवे लावले, कोणीतरी विझवले. जाग आली तेव्हा मिरज होतं. मिरज-कोल्हापूर हा तुकडा सकाळी बघावा असा आहे. दोन्ही बाजूंनी ऊस, त्याला पाणी लागलेलं, आणि रुकडीच्या पुलावरून दिसणारी पंचगंगा, गढूळ आणि पात्राबाहेर. डब्यातले सगळे कोल्हापूरकर खिडक्यांशी जमले आणि पुलाच्या दगडावर पाणी कुठवर आलंय त्यावरून शहरातली पातळी सांगू लागले. पुढे वळिवडे लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, असं मावशीने सांगितलं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘पाच हजार म्हणजे संडास किती बांधले असतील?’ इतिहासाच्या पुस्तकांत हे नसतं, पण प्रश्न चुकीचा नाही.

कोल्हापूरचं स्टेशन व्हीटीच्या मानाने बेताचं. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नाव मात्र तेवढंच लांब. या रेल्वेची पहिली कुदळ १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते पडली तेव्हा ते जेमतेम चौदा वर्षांचे होते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मग महाराजांनी १८९५ साली स्टेशनाजवळ गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. गाडी आली तर तिने काहीतरी न्यायलाही हवं, हे त्या वयात कळणं सोपं नव्हे. आमच्याकडे अजून आधी उड्डाणपूल होतो आणि मग तो कुठे उतरवायचा याची चर्चा होते.

बाहेर पाऊस आणि रिक्षा.

‘कुठं जायाचं, पावणं?’

‘राजवाडा.’

‘नवा का जुना?’

‘नवा.’

‘म्हंजे न्यू पॅलेस. मग तसं म्हणा की. जुना तिकडं भवानी मंडपात.’

काकांनी बसता बसता विचारलं, ‘नवा म्हणजे कधीचा?’

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. ‘माझ्या आज्याच्या जन्माच्या आधीचा हाय. पर नवा.’

वाटेत मिसळ झाली. तिच्याविषयी एवढंच सांगतो की काकांनी वाटीतला कट बघून ‘एवढी तर्री कोणत्या प्रमाणात?’ असं विचारलं आणि पुढची वीस मिनिटं त्यांना काही विचारता आलं नाही.

न्यू पॅलेस पावसात बघावा हे काकांचं म्हणणं तिथे पटलं. काळा घडीव दगड ओला झाला की लखलखतो. मधोमध अष्टकोनी मनोरा, वर घड्याळ, भोवती छत्र्या, घुमट, कमानी. थोडं गुजरात, थोडं राजस्थान, थोडा आपला वाडा आणि या सगळ्याला इंग्रजी शिस्त. १८७७ ते १८८४ ही बांधणीची वर्षं. म्हणजे मुंबईत स्टीव्हन्स स्टेशनाला राजवाड्याचं रूप देत होते, त्याच सुमाराला इथे मेजर चार्ल्स मँट खरा राजवाडा उभा करत होते, आणि त्या राजवाड्याच्या मधोमध स्टेशनात शोभेल असं घड्याळ बसत होतं. दोघांचे नकाशे पोस्टात अदलाबदल झाले असते तरी फार बिघडलं नसतं. कोल्हापूरला गाडी यायला मात्र अजून सात वर्षं होती, तोवर घड्याळ नुसतंच वेळ दाखवत होतं.

या मँटसाहेबांची गोष्ट फलकापाशी उभं राहून मावशीने सांगितली. सैन्यातले इंजिनिअर. कोल्हापुरात टाउन हॉल त्यांचा, आज ज्याला सीपीआर म्हणतात त्या दवाखान्याची इमारत त्यांची, बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. १८८१ साली वारले; हा राजवाडा काही त्यांनी पुरा झालेला पाहिला नाही. बडोद्याचं काम नंतर रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलं. आणि मँट यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, आपलं गणित कुठेतरी चुकलंय, आपण बांधलेल्या इमारती कोसळणार, अशी धास्ती त्यांनी घेतली आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

काका बराच वेळ त्या काळ्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘आपलं बांधकाम पडेल म्हणून झुरून मेला?’

‘असं म्हणतात.’

‘आमच्या खात्यात असं कोणाला वाटल्याचं माझ्या अख्ख्या नोकरीत ऐकलं नाही.’ थोडं थांबून ते पुढे म्हणाले, ‘आणि आमच्या बऱ्याच पडल्या. याची एकही पडली नाही.’

आत तिकीट काढून जायचं आणि फोटो काढायचे नाहीत. तळमजल्यावर संग्रहालय आहे. चांदीच्या वस्तू, हत्यारं, अंबारी, पागोटी, पोशाख, जुने फोटो. त्यांत चित्ते दिसतात. हरणं पकडायला शिकवलेले चित्ते बाळगण्यासाठी कोल्हापूर संस्थान प्रसिद्ध होतं आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान हा इथला खास पेशा. फोटोतला चित्ता पाटावर जेवायला बसल्यासारखा शांत असतो आणि शेजारचा चित्तेवान त्याहून शांत.

पुढच्या दालनात मात्र कोणीच शांत राहत नाही. तिथे पेंढा भरलेली जनावरं आहेत. वाघ, बिबटे, अस्वलं, गवे. काही पूर्ण, काहींची नुसती मुंडकी, आणि काहींचं फर्निचर झालेलं. वाघाच्या पंजाचं रक्षापात्र म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कळत नाही. हत्तीच्या पायाचं स्टूल बघितल्यावर तर बसायची इच्छाच जाते. एका काचेच्या कपाटात वाघ उभा होता, जबडा उघडा, डोळे पिवळ्या काचेचे. काचेवर बरोबर अडीच फुटांच्या उंचीवर लहान मुलांच्या बोटांचे ठसे, थरावर थर, काही चिकट. एक चार-पाच वर्षांचा मुलगा नाक काचेला लावून उभा होता.

‘बाबा, हा खरा आहे?’

‘खरा होता,’ वडील म्हणाले.

मुलाने विचार केला. ‘मग आता खोटा झाला?’

वडिलांनी त्याला पुढच्या दालनात नेलं. उत्तर मावशीने दिलं असतं, पण तिला वाघाचा सन सापडत नव्हता.

मग दरबार हॉल. उंच छत, कोरीव खांब, कमानी, समोर सिंहासन आणि बाजूंच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. इथे सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. बाहेर रिक्षावाल्याशी तारस्वरात घासाघीस करून आलेली माणसं इथे खुणांनी बोलत होती. एक आजोबा कोणी सांगितलं नसताना चपला काढून हातात धरून चालत होते. मला राहून राहून व्हीटीचं तिकीटघर आठवत होतं. तिथले तारे काही या छतापेक्षा उणे नाहीत, पण तिथे माणसं कोपरं मारतात आणि इथे हळू पावलं टाकतात. हा सगळा तिकिटाचा परिणाम असावा. तिथलं तिकीट पुढे जायचं असतं, इथलं थांबायचं. उद्या व्हीटीच्या दारात बघण्याचं वेगळं तिकीट लावलं तर लोक नक्की मान वर करून चालतील. फक्त पहिल्याच सकाळी ८ वाजून १२ मिनिटांच्या फास्टपाशी शंभर-दोनशे जखमी होतील.

आणि गंमत अशी, की ज्यांच्यामुळे आपण इथे दबकत चालतो त्या शाहू महाराजांना दबकणारी माणसं फारशी आवडत असतील असं वाटत नाही. गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळावर हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा गावात कोण पिणार? तर महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. त्या मानकऱ्यांची तोंडं मला डोळ्यांसमोर आणायला फार आवडतात. एकीकडे जात, दुसरीकडे नोकरी आणि हातात गरम कपबशी. संग्रहालयात तलवारी पुष्कळ आहेत, पण माझं मत विचाराल तर मधल्या कपाटात तसली एक कपबशी ठेवायला हवी.

काका या सगळ्या वेळात छताकडे बघत फिरत होते. कोपरे, कमानींच्या बैठका, खिडक्यांचे वरचे काठ, काही सोडलं नाही. बाहेर कोल्हापुरी पाऊस, म्हणजे एकदा लागला की आठवडाभर कोणाचं ऐकत नाही असा, आणि आत त्यांना ओलीचा एक ठिपका सापडेना. त्यांचा चेहरा उतरत चालला. शेवटी दारातल्या रखवालदारापाशी जाऊन त्यांनी खालच्या आवाजात तो प्रश्न विचारलाच.

‘गळतं का हो कुठं?’

रखवालदार सावरून उभा राहिला. ‘वरल्या मजल्यावर महाराज राहत्यात, पावणं. त्यास्नी इचारून सांगू का?’

काकांनी दोन्ही हात जोडले आणि नको म्हटलं. हा माणूस मंत्र्यांच्या बंगल्यावर छप्पर तपासायला चढलेला. पण राजाला गळती विचारायची म्हणजे दरसूचीत न बसणारी गोष्ट.

दुपारी तांबडा-पांढरा झाला, अंबाबाईचं दर्शन झालं, जुन्या राजवाड्यावरून एक चक्कर झाली. मावशीने काकांना कोल्हापुरी चपला घेतल्या. त्या भिजवायच्या नाहीत असं दुकानदाराने बजावल्यामुळे काकांनी त्या पिशवीत घालून पोटाशी धरल्या आणि स्वतः स्लीपर घालून चालले. संध्याकाळी सगळ्या गावाच्या तोंडी एकच विषय होता: राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. दर पावसाळ्यात तो जातो आणि दर पावसाळ्यात ती बातमी होते. तो गेल्याखेरीज कोल्हापूरचा पावसाळा सुरू झाल्याचं कोणी मानत नाही.

परतीच्या गाडीत आमच्या समोर भोगावतीकाठचे एक शेतकरी बसले होते, लेकीकडे मुंबईला निघालेले. पायांशी गुळाची ढेप गोणपाटात बांधलेली. गाडी हलायच्या आत त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, ‘हां, हां’ म्हटलं आणि सगळ्या डब्याला सांगितलं, ‘राधानगरीचं सहा नंबरचं उघडलं.’ पलीकडच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘तीन नंबर पण होणार आता.’ डबाभर फोन निघाले.

काकांना काही कळेना. त्या गृहस्थांनी समजावून सांगितलं की राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दार आपोआप उघडतं, उतरलं की आपोआप मिटतं.

‘आपोआप म्हणजे? आदेश कोण काढतं?’

‘कोण न्हाई.’

‘कार्यकारी अभियंता?’

‘ते झोपलेलं असलं तरी उघडतंय.’

‘मग मंजुरी?’

‘पाण्याची,’ ते गृहस्थ म्हणाले आणि ढेपेवर पाय ठेवून आरामात मागे टेकले.

मावशी वरच्या बर्थवर झोपून गेली. मी दिवा मालवला. अंधारात, मिरज येईपर्यंत, काका त्या माणसाला विचारत होते की मग रजिस्टरला नोंद कोण करतं.